कागद असेल तिथवर

प्रवासाची अट आधी ऐकून घ्या, मग पाय उचला. काळातला हा प्रवास इतिहासाच्या प्राध्यापकाच्या नियमाने चालतो. कागद असेल तिथं आत शिरायचं, पाहायचं, वास घ्यायचा. कागद नसेल तिथं कितीही मोह झाला तरी दाराबाहेर थांबायचं. मोठ्या माणसांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, ते काम नाटककारांचं. गावातली बिननावाची माणसं मात्र बोलतील.

मे १८१८. तुम्ही पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी उभे आहात. करवंदं पिकून काळी झालीत, सदरा पाठीला चिकटलाय आणि समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून प्रॉथर या इंग्रज अधिकाऱ्याच्या तोफा गडावर गोळे टाकताहेत. वर दुसऱ्या बाजीरावाची बायको वाराणसीबाई आहे. गडावर आग लागलीय, धूर खालून दिसतो. १० मे रोजी गड इंग्रजांच्या ताब्यात जाईल. ही हकीकत कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरात आहे, म्हणून तुम्हाला इथं उभं राहता येतं. वर काय काय जळतंय हे मात्र कुणी मोजलं नाही. त्याआधी १६८९ च्या नोव्हेंबरात गड मोगलांच्या हाती गेला, येसूबाई आणि लहानगा शाहू कैद झाले, तेव्हाच्या धामधुमीत स्वराज्याचं दप्तर गेलं. उरलंसुरलं काही असेल तर ते ह्या धुरात.

म्हणजे ज्या गडावरून राज्य चाललं त्या गडाचे कागद गडावर नाहीत. मग कुठं आहेत? पत्र पाठवणाऱ्याकडची नक्कल जळाली, पण ज्याला पत्र गेलं त्याच्या माळ्यावर अस्सल राहिलं. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, खोत, मठातले गोसावी, गावोगावचे भट. महाराष्ट्रातल्या इतिहासाच्या माणसाला लोकांच्या माळ्यांवर का चढावं लागलं, त्याचं निम्मं कारण ह्या डोंगरावर आहे. इतर देशांतले प्राध्यापक सरकारी दप्तरखान्यात बसून काम करत. आपल्याकडे शिडी लागली.

आता बहात्तर वर्षं पुढं या, आणि रायगडाकडे पाठ करून काळ नदीच्या अंगाने चालत बिरवाडीला. ५ ऑगस्ट १८९०. नदी तांबडी, फुगलेली. लावण्या उरकत आल्यात, इरली पांघरलेल्या बाया खाचरात वाकलेल्या आहेत. वरंध्याच्या डोंगराला ढग टेकलेत. गावात पोतदारांकडे मुलगा झालाय, त्याचं नाव दत्तो. आत जायचंय ना? नाही जाता येणार. गाव आणि तारीख, एवढंच हाती आहे. सुईण कोण होती, बाळ रडलं कसं, बारशाला काय केलं, यातलं काहीच माझ्याकडे नाही. पागोळ्यांखाली भिजत उभे राहा. पुढं हाच मुलगा दत्तो वामन पोतदार म्हणून इतिहासाचा प्राध्यापक होईल, पुणे विद्यापीठाचा कुलगुरू होईल, महामहोपाध्याय होईल, १९६७ साली पद्मभूषण होईल. आज तो ह्या भिंतीपलीकडे आहे आणि आपण अलीकडे.

मधली वर्षं गाळतो. बिरवाडीचा मुलगा पुण्यात शिकला, पुण्याचाच झाला.

७ जुलै १९१०. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन होतंय. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार तात्यासाहेब मेहेंदळे हे दोघे पुढं आहेत. राजवाडे म्हणजे प्रकरणच वेगळं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला आणि तिथून पुढं बावीसपर्यंत गेले. गावोगाव हिंडून कागद मिळवले, लोकांशी भांडले, अखेर मंडळाशीही बिनसलं आणि ते धुळ्याला निघून गेले. राजवाड्यांसारख्या माणसामागे संस्था उभी राहते, पण अशा माणसाच्या हाताने ती चालत नाही. चालवायला दुसऱ्या जातीचा माणूस लागतो. त्याला पत्रांची उत्तरं देता आली पाहिजेत, रुसलेल्यांच्या घरी जाऊन चहा पिता आला पाहिजे, वर्गणी मागायची लाज वाटता कामा नये. दत्तोपंत १९१८ मध्ये मंडळाचे चिटणीस झाले आणि १९४७ पर्यंत राहिले.

तेव्हाच्या त्यांच्या दिवसात थोडं डोकावा. न्यू पूना कॉलेज १९१६ साली निघालं. पुढं त्यालाच सर परशुरामभाऊ कॉलेज म्हणू लागले. तुम्ही बाकावर बसलाय, समोर इतिहासाचे प्राध्यापक पोतदार. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं. परीक्षा मुंबई विद्यापीठाची, शिक्षणाची भाषा इंग्रजी. मराठ्यांचा इतिहाससुद्धा इंग्रजीतून ऐकायचा आणि इंग्रजीतून लिहायचा. तुमच्या शेजारचा मुलगा ‘सरंजाम’ला इंग्रजी शब्द शोधतोय आणि त्याला तो सापडत नाहीये. संध्याकाळी सदाशिव पेठेत मंडळाची पाक्षिक सभा असते. तिथं हेच सगळं मराठीत, आणि नव्या सापडलेल्या कागदासकट. कोणी तरी निबंध वाचतो, कोणी तरी तारीख चुकली म्हणून उठतो, आणि मग तासभर त्या तारखेवरून जुंपते. खरं विद्यापीठ कुठलं, सकाळचं की संध्याकाळचं, हे तुम्हीच ठरवा. मी संध्याकाळच्या बाजूचा आहे.

आता शिडीचं काम करा. समजा मंडळाने तुम्हाला सावित्रीच्या खोऱ्यात पाठवलंय. साल १९२५. भोरकडून वरंधा घाट उतरलात, पायी आणि जमेल तिथं बैलगाडीने. महाड लांबून दिसतं. नाव लहान, पण गावाने बरंच पाहिलेलं. भरतीच्या पाण्यावर सावित्रीतून गलबतं इथवर येतात. नाना फडणीस पुण्यातून पाय काढून इथं येऊन बसला होता आणि इथूनच त्याने सूत्रं हलवली. १७९६ चा महाडचा तह त्यातलाच. पण तुम्हाला महाडात थांबायचं नाही. अलीकडच्या एका गावात जुन्या खोताचं घर आहे असं कळलंय.

ओटीवर म्हातारा बसलाय. तुमच्याकडे बघतो, धोतराला लागलेल्या चिखलाकडे बघतो.

“कुठनं?”

“पुण्याहून, आबा. जुने कागद आहेत म्हणे आपल्याकडे. वाचायला आलो.”

“सरकारी का?”

“नाही हो. मंडळाचा.”

“मंडळ बिंडळ काय कळत नाही. आमच्या आजोबांच्या वेळी असाच एक आला होता, कागद दाखवा म्हणत. कागद बघून गेला आणि इनाम खालसा झालं.”

तो खोटं सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कंपनी सरकारने इनाम कमिशन बसवलं होतं, सनदा तपासल्या होत्या, पुरावा पटला नाही तिथं इनामं काढून घेतली होती. सत्तर वर्षं झाली तरी ओटीवर ती धास्ती ताजी आहे. संशोधकाचं पहिलं काम वाचन असतं असं कॉलेजात वाटतं. पहिलं काम असतं सरकारी माणूस नसल्याची खात्री पटवणं, आणि त्याला दोन दिवस लागू शकतात.

आतून बाई गूळपाणी घेऊन येते. “घाटातून चालत आलाय तो. कागद कुठं पळून जातात? आधी जेवू दे त्याला,” ती सासऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर ताक. जेवणं झाल्यावर म्हातारा आपण होऊन कंदील पेटवतो.

पोटमाळ्यावर डोकं आपटतं. कोपऱ्यात पेटारा, त्यात बासनं, बासनांत वेखंडाच्या कांड्या. रुमाल सोडलात की आधी कसर पळते, मग वास येतो, जुन्या कपड्याचा आणि उंदरांचा. वरचे कागद वाळवीने खाऊन जाळी झालेत. “पूर्वी पुष्कळ होते,” म्हातारा म्हणतो, “पावसात भिजले ते टाकले. काही पोरांनी पतंगाला लावले.” हे वाक्य तुम्ही घरोघर ऐकणार आहात. रागावून उपयोग नाही.

मधला एक कागद बरा आहे. कंदील जवळ घ्या. जाड, खरबरीत, हातकागद. वर ‘श्री’. त्याखाली मोडी. लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ ओढलीय आणि बोरू फारसा न उचलता अक्षरं त्या रेघेला लोंबवत नेलीत. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. सुरुवातीला ‘राजमान्य राजश्री’ वगैरे, ते डोळे आपोआप ओलांडतात. तुम्ही सरळ तारखेवर या: छ १४ जिल्काद, सलास सबैन मया व अलफ.

कंदिलाच्या उजेडात ही बेरीज करून पाहा. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अकराशे त्र्याहत्तर, हा सुहूर सन. तो मृग नक्षत्राला सुरू होतो. त्यात ५९९ मिळवले की पहिल्या सहा-सात महिन्यांचं इसवी साल मिळतं, उरलेल्यांसाठी ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातली चौदावी तारीख. जिल्काद त्या वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस येतो. फेब्रुवारी १७७३ चा पहिला आठवडा. जंत्री काढून ताडून पाहा, बरोबर आहे.

आता क्षणभर वाचन थांबवा. माधवराव जाऊन तीन महिने होत आलेत, नारायणराव पेशवे आहेत, ऑगस्टात शनिवारवाड्यात त्यांचा खून व्हायचाय. लिहिणाऱ्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही. त्याची चिंता एकच: ओढ्याच्या कोणत्या काठापर्यंत आपली हद्द, आणि शेजारच्या गावाने चिंच का तोडली. पुस्तकात १७७३ म्हणजे खून. इथं १७७३ म्हणजे चिंच. ही भानगड ज्याला एकदा कळली तो पुन्हा नुसत्या पेशव्यांच्या यादीवर समाधान मानत नाही. माणसं आयुष्यभर ह्या कामाला का चिकटतात, तर अशा एखाद्या रात्रीसाठी.

कागदाच्या खालच्या भागात साक्षीदारांची नावं आहेत. पाटलापुढं निशाणी नांगर. बाकीचे बलुतेदार. आणि त्यांच्या ओळीत गावच्या महाराचं नाव. हद्दीच्या तंट्यात त्याची साक्ष लागायची, शीव कुठून जाते ते त्याला माहीत असायचं. हे नाव तुमच्या वहीत उतरवून घ्या. म्हातारा कागद नेऊ देणार नाही. “इथंच बसा आणि काय ते उतरून घ्या,” म्हणतो. दोन रात्री बसून नक्कल करायची, तिसऱ्या दिवशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचं. पुण्यात कोणी तरी उठून तारीख चुकली म्हणणारच आहे.

तुम्हाला ह्याच खोऱ्यात ठेवून दोन वर्षं पुढं नेतो. २० मार्च १९२७, महाड. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा दुसरा दिवस. उन्हं चढलीत. डॉ. आंबेडकर पुढं आणि मागं हजारोंची रांग, चवदार तळ्याकडे. इथं कागदाची टंचाई नाही, त्यामुळे तुम्हाला अगदी पायरीपर्यंत जाता येतं. रांग तळ्यावर पोचते, माणसं ओंजळीने पाणी पितात. थोड्याच वेळात गावात अफवा सुटते की हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि मंडपात, रस्त्यात परतणाऱ्यांवर लाठ्या पडतात. मग तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ केलं जातं.

इतिहासाच्या माणसाने मात्र तळ्याच्या काठाहून अधिक वेळ कोर्टात बसावं असं मला वाटतं. कारण महाडचा प्रश्न पुढं कागदाचाच झाला. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोल्यांचा ठराव झाला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी माणसं आंबेडकरांच्या सोबत होती. त्यावर काही सवर्ण मंडळींनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा लावला. म्हणणं काय? अनादिकालापासून ही वहिवाट आहे, अस्पृश्यांनी हे पाणी कधी घेतलेलं नाही.

‘अनादिकाल’ हा शब्द आला की तुमच्या आत बसलेला मंडळाचा माणूस ताठ होतो. अनादि म्हणजे कधीपासून? आधार काय? दावा खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: वहिवाट अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही. वादींच्या साक्षी माणसाच्या आठवणीपलीकडे जात नव्हत्या. जे आजोबांनी पाहिलं ते सनातन, हा समज कोर्टात टिकला नाही.

सदाशिव पेठेत ‘कागद दाखवा’ हे वाक्य विद्वानांचं हत्यार होतं. महाडमध्ये तेच वाक्य ज्यांच्या घरात पेटारा नव्हता त्यांच्या बाजूने चाललं. पुण्यातल्या त्या काळच्या इतिहासमंडळींचं लक्ष ह्या खटल्याकडे फारसं होतं असं दिसत नाही. स्वाऱ्या, सनदा, वंशावळी यांत ती गुंतलेली होती. माळ्यावरच्या त्या हद्दीच्या कागदात महाराचं नाव होतं. ते उतरवलं गेलं, छापलंही गेलं. पण त्याच्यामागे जाऊन त्या नावाचा इतिहास विचारणारे उशिरा आले. हा दोष एकट्या दत्तोपंतांचा म्हणता येणार नाही. सगळ्या पिढीचाच तो आंधळा कोपरा होता.

त्याच १९२७ मध्ये मंडळ मात्र दुसऱ्या एका आनंदात आहे, आणि त्याचा धागा पोलादपूरला येतो. महाडहून सावित्रीच्या काठाने वर जा. डावीकडे आंबेनळीचा घाट महाबळेश्वराकडे चढतो, पुढं कशेडी उतरली की खेड. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, तिथं लोक आवर्जून जातात. पोलादपुरात आणखी एक समाधी दाखवतात, तिथं गर्दी नसते: कवींद्र परमानंदांची. शिवाजी महाराजांच्या हयातीत संस्कृतात त्यांचं चरित्र रचणारा हा कवी, मूळचा नेवाशाचा. त्याचं ‘शिवभारत’ पार तंजावरच्या सरस्वती महालात पडून होतं. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते शोधून काढलं आणि मंडळाने १९२७ साली छापलं. ह्या खोऱ्याच्या माथ्यावर झालेल्या अफझलखान प्रकरणाची हकीकत त्यात समकालीन माणसाच्या हातची आहे.

पुस्तक हातात घ्या आणि शेवटाकडे जा. एकतीस अध्याय पुरे. बत्तिसाव्याचे थोडे श्लोक, आणि ग्रंथ थांबतो. कथा १६६१ च्या आसपास येऊन अडते. आग्रा नाही, राज्याभिषेक नाही. कवीने पुढं लिहिलंच नाही, की लिहिलं आणि हरवलं? इथं पुन्हा दार बंद.

आता पुण्याला परत फिरा आणि भराभर चाला. १९२२: दत्तोपंतांचं ‘मराठी गद्याचा इंग्रजी अवतार’ आलंय, एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याचा कसून घेतलेला माग. १९३० ते ३४: गो. स. सरदेसाई पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढताहेत, पाठीशी जदुनाथ सरकार. पुणेकरांच्या मनात सल आहे की दप्तर आपल्या अंगणात आणि किल्ली परक्याच्या हातात. दोन्ही बाजूंनी जे लिहिलं गेलं ते वाचताना आज हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. १९३५: मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात अखिल भारतीय इतिहास परिषद भरलीय, अलाहाबादचे शफाअत अहमद खान अध्यक्ष. पुढं इंडियन हिस्टरी काँग्रेस म्हणून देशभर गेली ती हीच. १९३९: अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दत्तोपंत.

पाहिलंत का, यादीत ग्रंथ थोडे आणि सभा फार. दत्तोपंत फर्डे वक्ते होते, संसार केला नाही, सगळा वेळ संस्थांना दिला. संस्था ही दुभती म्हैस असते, तिला रोज दोनदा हजर राहावं लागतं. जदुनाथही प्राध्यापक, तेही कलकत्त्याचे कुलगुरू झाले; पण त्यांचं इंग्रजी शिवचरित्र १९१९ सालीच छापून आलं होतं.

१९६१. गणेशखिंडीतला जुना गव्हर्नराचा बंगला, आता पुणे विद्यापीठ. कुलगुरू दत्तो वामन पोतदार, वय एकाहत्तर. पुढची तीन वर्षं ते त्या खुर्चीत असतील. फायली, समित्या, पदवीदान. इथं मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही, कुलगुरूंच्या टेबलावरच्या फायली सगळ्या काळात सारख्याच दिसतात. ह्याच वर्षांत डेक्कन कॉलेजातले त्र्यं. शं. शेजवलकर थोरल्या शिवचरित्राचा आराखडा मांडून बसलेत. १९६३ मध्ये ते जातील आणि पुढच्या वर्षी ‘श्री शिवछत्रपती’ छापलं जाईल: संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. चरित्र नाही. महाराष्ट्र शासनाने शिवचरित्राचं काम दत्तोपंतांवर सोपवलं, तेही पुरं झालं नाही.

जून १९७४. रायगडावर राज्याभिषेकाची तीनशे वर्षं साजरी होताहेत. तुम्ही होळीच्या माळावर गर्दीत उभे आहात. बिरवाडीचा मुलगा चौऱ्याऐंशीव्या वर्षात आहे आणि ज्या पुस्तकाची त्याच्याकडून वाट पाहिली गेली ते नाही. परमानंद, शेजवलकर, पोतदार. तिघांची तीन अर्धी शिवचरित्रं. वा. सी. बेंद्र्यांनी आपलं पुरं केलं हे खरं, आणि ते कॉलेजातले प्राध्यापक नव्हते हेही खरं.

ह्यावर काय म्हणावं? दत्तोपंतांना आळशी ठरवणारे पुण्यात पुष्कळ होते. मला वाटतं, कागदाची सवय लागलेल्या माणसाला आणखी एक पेटारा उघडायचा राहिलाय असं कायम वाटत राहतं, आणि चिटणिसाला तर कुठं कुठं किती पेटारे बंद आहेत ते नावानिशी माहीत असतं. तरी सूट किती द्यायची? ज्याच्या डोक्यात एवढं होतं त्याने निदान कच्चा मसुदा तरी ठेवायला हवा होता. बोललेलं हवेत गेलं. इतरांचे कागद आयुष्यभर जपणाऱ्या माणसाचं स्वतःचं सर्वांत मोठं दप्तर, म्हणजे त्याची स्मरणशक्ती, ६ ऑक्टोबर १९७९ ला गेली. तेव्हाही बिरवाडीचा जिल्हा कुलाबाच होता. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळालं.

शेवटचा मुक्काम आजचा. आता तुम्ही स्वतःच इतिहासाचे प्राध्यापक आहात, खोऱ्यातल्या एका कॉलेजात, तासिका तत्त्वावर. सेट पास, मानधन महिनोन् महिने उशिरा. सकाळी दोन तास, मग नॅकच्या फायलीत छायाचित्रं चिकटवायची, मग प्रवेशाचं टेबल. मोडी वाचायला तुम्ही सुट्टीत शिकलात. २०२१ च्या जुलैत महाडात पाणी माळ्यापर्यंत चढलं, तेव्हा घरोघरचे भिजलेले कागद लोकांनी चिखलाबरोबर फावड्याने काढले. तळियेत डोंगर खाली आला त्याच दिवशीची गोष्ट. कोण कागदाचं विचारणार होतं?

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर टेबलाशी थांबलीय. पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या वाडीतली.

“सर, प्रकल्पाला आमची वाडी घेऊ का? पण पुस्तकात काहीच नाही तिच्याबद्दल.”

“सातबारा बघितलास?”

“जमीन आमच्या नावावर कुठं होती सर? खोताची होती.”

“मग खोताचे कागद बघ. त्यात कुळांची नावं येतात. तलाठ्याकडे जुने फेरफार माग. पोलादपूर आधी महाडचाच पेटा होता, म्हणून जुनं काही असेल तर महाडच्या रेकॉर्ड रूमला विचार. नाही मिळालं तर अलिबाग.”

“तिथं देतील?”

“पहिल्यांदा नाही देणार. अर्ज कर, पोच घे, परत जा. आणि घरी आजी आहे ना?”

“आहे. पण ती कायबी सांगते, सर.”

“सांगू दे. तू लिहून घे. कोण बोललं, कुठं बसून, कोणत्या तारखेला, तिन्ही वर घाल. दुसऱ्या म्हातारीलाही तेच विचार आणि दोन्ही ताडून बघ.”

“मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर चालेल?”

“चालेल. पण ऐकून कागदावर उतर. सोमवारी पहिली चार पानं दाखव.”

ती वही बॅगेत कोंबते. पोलादपूरच्या गाडीला दहा मिनिटं आहेत आणि तुम्हाला अजून नॅकची फाईल पुरी करायचीय.